भारतात टोचलेल्या लसी आणि ऑस्ट्रेलियातला हिशेब: नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी

मेलबर्नला येऊन तीन आठवडे झाले होते. धाकटीच्या किंडरच्या (शाळेआधीच्या बालवाडीच्या) अर्जासोबत एक कागद मागितला होता: इम्युनायझेशन हिस्टरी स्टेटमेंट, म्हणजे लसीकरणाच्या नोंदींचा अधिकृत उतारा. मी तिच्या माता-बाल संरक्षण कार्डाची रंगीत प्रत जोडली आणि निश्चिंत झाले. सगळ्या लसी वेळेवर झाल्या होत्या, आशाताई घरी येऊन आठवण करून द्यायच्या, एकही तारीख चुकली नव्हती. चार दिवसांनी उत्तर आलं की हे कार्ड चालत नाही. पुढचे तीन महिने मी जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे, कारण यातला निम्मा त्रास कुणी आधी सांगितलं असतं तर झालाच नसता.

आम्ही व्हिक्टोरियात राहतो. राज्याराज्यांत थोडा फरक आहे, तो जिथे महत्त्वाचा तिथे सांगितला आहे. कोणती लस कधी द्यायची हे शेवटी तुमची नर्स किंवा डॉक्टरच ठरवणार. पण ती चर्चा समजून-उमजून करता यावी इतकी माहिती पालकांकडे असायला हवी.

आधी हे लक्षात घ्या

ऑस्ट्रेलियात लसीकरणाची एकच राष्ट्रीय नोंदवही आहे, ऑस्ट्रेलियन इम्युनायझेशन रजिस्टर. सगळे तिला एआयआर म्हणतात. ती १९९६ मध्ये फक्त मुलांसाठी सुरू झाली आणि २०१६ पासून सर्व वयाच्या लोकांसाठी आहे. किंडर, चाइल्डकेअर, शाळा आणि सरकारी अनुदान या सगळ्यांसाठी पुरावा म्हणजे एआयआरमधली नोंद. मुलाच्या अंगात लस आहे पण एआयआरमध्ये नाही, तर कागदोपत्री ती झालेलीच नाही.

नियम दोन आहेत आणि नावं इतकी सारखी की गल्लत होतेच. 'नो जॅब, नो पे' हा केंद्र सरकारचा नियम, १ जानेवारी २०१६ पासून लागू. चाइल्ड केअर सबसिडी आणि फॅमिली टॅक्स बेनिफिटचा भाग ए या सरकारी अनुदानांशी त्याचा संबंध. 'नो जॅब, नो प्ले' हे राज्यांचे नियम, चाइल्डकेअर आणि किंडरमधल्या प्रवेशाबद्दलचे. ते व्हिक्टोरिया, न्यू साउथ वेल्स, साउथ ऑस्ट्रेलिया, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया आणि क्वीन्सलंडमध्ये वेगवेगळ्या स्वरूपात आहेत. तात्पुरत्या व्हिसामुळे सबसिडी मिळत नसेल, तरी राज्याचा प्रवेशाचा नियम तुम्हाला लागतोच. 'आपल्याला पैसे मिळत नाहीत, मग हे आपल्यासाठी नाही' असं समजून बरेच जण थांबतात आणि ऐन प्रवेशाच्या वेळी अडकतात.

दिलासा असा की सगळ्या लसी पूर्ण झालेल्याच हव्यात असं नाही. मान्यताप्राप्त कॅच-अप वेळापत्रक सुरू झालं असेल आणि तशी नोंद एआयआरमध्ये असेल, तर मूल नियमात बसतं. कॅच-अप म्हणजे राहिलेल्या लसी कमीत कमी वेळात, योग्य अंतराने भरून काढणं.

पायरी १: कागद गोळा करा, शक्यतो भारत सोडण्याआधी

इथे तोंडी सांगितलेलं धरत नाहीत. 'सगळं झालंय हो' याला किंमत नाही, लिखित पुरावा लागतो. तो नसेल तर डोस दिलाच नाही असं समजून पुढे जातात.

जमवायचे कागद:
- माता-बाल संरक्षण कार्ड किंवा खासगी बालरोगतज्ज्ञांची लसीकरण पुस्तिका, मूळ प्रत आणि प्रत्येक पानाचा स्वच्छ स्कॅन
- डॉक्टरांच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, इंग्रजीत लिहिलेली यादी: लसीचं नाव, ब्रँड, डोस क्रमांक, पूर्ण तारीख
- यू-विनवर (भारत सरकारच्या लसीकरण पोर्टलवर) नोंद असेल तर तिथलं प्रमाणपत्र, कोविडसाठी कोविनचं
- मुलाचा पासपोर्ट आणि जन्माचा दाखला (कार्डावर 'बेबी ऑफ' अमुक असं नाव असेल तर हा जोडलाच पाहिजे)
- कांजिण्या, गोवर वगैरे येऊन गेल्याची डॉक्टरी नोंद आणि कावीळ बी किंवा इतर तपासण्यांचे जुने रिपोर्ट
- ॲलर्जी, फिट येणं, प्रतिकारशक्तीचे आजार, आधीच्या लसीनंतरचा तीव्र त्रास याबद्दलचे कागद

दुसरा मुद्दा सगळ्यात कामाचा. आमच्या मोठ्याची, अकरा वर्षांच्या मुलाची पुस्तिका खासगी दवाखान्यातली, देखणी, कव्हरवर हत्ती. आत दोन ठिकाणी फक्त बरोबरची खूण होती, तारीख नव्हती. इथल्या नर्सने ते दोन्ही डोस बाजूला ठेवले. मग भारतातल्या डॉक्टरांना फोन, त्यांच्या जुन्या रजिस्टरमधून तारखा शोधणं, लेटरहेडवर पत्र, पुन्हा अपॉइंटमेंट. निघण्याआधी एकदा पुस्तिका उघडून प्रत्येक ओळीपुढे तारीख आहे का एवढं बघितलं असतं तर महिना वाचला असता.

बाटलीवरची चिकटपट्टी पुस्तिकेत लावली असेल तर ती सोन्यासारखी जपा. ब्रँडचं नाव कळलं की आत नेमकं काय होतं हे नर्सला शोधता येतं. 'ट्रेसिवॅक' म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेला, हे इथे कुणाला पाठ नसतं, पण नावावरून सापडतं.

कार्ड मराठीत असेल तर भाषांतर लागू शकतं. गृह खात्याची मोफत भाषांतर सेवा कायम रहिवासी आणि काही ठरावीक व्हिसाधारकांना, व्हिसा मिळाल्यापासून पहिल्या दोन वर्षांत, दहा कागदांपर्यंत मिळते. त्या व्हिसात बसत नसाल तर नाटीचं (भाषांतरकारांना मान्यता देणाऱ्या इथल्या संस्थेचं) प्रमाणपत्र असलेला भाषांतरकार शोधा. स्वतः केलेलं भाषांतर नर्सला समजायला उपयोगी पडतं, पुरावा म्हणून ते पुढे करू नका.

अमेरिकेत राहून इथे आला असाल तर एक धोका लक्षात ठेवा. तिथे आधी महिना आणि मग दिवस लिहितात. ०३/०७ म्हणजे ७ मार्च की ३ जुलै, यावर एखादा डोस 'फार लवकर दिला' ठरून बाद होऊ शकतो. स्वतः एका कागदावर महिन्याचं नाव अक्षरांत लिहून यादी करा.

पायरी २: मेडिकेअर आणि मायगव्हचं काम आधी उरका

मेडिकेअर, म्हणजे इथली सरकारी आरोग्य विमा योजना, मिळत असेल तर आधी नाव नोंदवा. नोंदणी झाली की मूल एआयआरमध्ये येतं आणि मायगव्ह या सरकारी सेवांच्या ऑनलाइन खात्यातून स्टेटमेंट उतरवता येतं. भारताशी ऑस्ट्रेलियाचा परस्पर आरोग्य करार नाही, त्यामुळे विद्यार्थी व्हिसा आणि बऱ्याच तात्पुरत्या कामाच्या व्हिसांवर मेडिकेअर मिळत नाही. पण मेडिकेअर नसलं तरी एआयआरमध्ये नोंद होऊ शकते. त्यासाठी इंडिव्हिज्युअल हेल्थकेअर आयडेंटिफायर नावाचा क्रमांक मायगव्हमधून घेता येतो. काउंटरवर कुणी 'मेडिकेअर नाही म्हणजे नोंद नाही' म्हणालं तर या क्रमांकाचं नाव घ्या.

मुलाचं वय १४ झालं की त्याची नोंद पालकांना आपोआप दिसत नाही. त्याला स्वतःचं खातं लागतं. पंधरा-सोळा वर्षांचं मूल असेल तर हे आधीच करून ठेवा.

खर्चाबद्दल. राष्ट्रीय कार्यक्रमातल्या लसी मेडिकेअरला पात्र असलेल्या २० वर्षांखालच्या सगळ्यांना कॅच-अपसाठीही मोफत आहेत. एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी लस) २५ वर्षांपर्यंत मोफत. निर्वासित आणि मानवतावादी व्हिसावर आलेल्यांना कोणत्याही वयात मोफत. मात्र मोफत असते ती लस. जीपीची (फॅमिली डॉक्टरची) तपासणी-फी वेगळी लागू शकते. अपॉइंटमेंट घेतानाच 'बल्क बिल करता का', म्हणजे फी थेट मेडिकेअरकडून घेता का, हे विचारा. मेडिकेअर नसेल तर तुमच्या कौन्सिलला (स्थानिक नगरपालिकेला) आणि राज्याच्या आरोग्य खात्याला विचारा, मुलांसाठी काही सोय असू शकते.

पायरी ३: कार्ड वाचणारा माणूस शोधा

आमची मोठी चूक इथे झाली. जवळच्या एका क्लिनिकमध्ये दहा मिनिटांची साधी अपॉइंटमेंट घेतली. डॉक्टरांनी कार्ड पाहिलं, स्कॅन केलं, एक लस टोचली आणि 'झालं' म्हणाले. स्कॅन त्यांच्या स्वतःच्या संगणकात गेला. एआयआरमध्ये भारतातला एकही डोस चढला नाही. तिथे आता तीन वर्षांच्या मुलीच्या नावावर आयुष्यात फक्त एक लस दिसत होती, आणि हे आम्हाला किंडरने दुसऱ्यांदा नकार दिल्यावर कळलं.

इथे दिलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातल्या लसी एआयआरला कळवणं १ जुलै २०२१ पासून सक्तीचं आहे, त्यामुळे ते होतंच. परदेशातल्या जुन्या डोसांसाठी मात्र तुम्हालाच मागे लागावं लागतं. ते तुम्हाला स्वतः चढवता येत नाहीत, मान्यताप्राप्त लसीकरण करणाऱ्यानेच चढवायचे असतात.

जीपी क्लिनिकमधली प्रॅक्टिस नर्स, कौन्सिलची इम्युनायझेशन नर्स किंवा कम्युनिटी हेल्थ सेंटर, यांपैकी कुणीही चालेल. माझा अनुभव असा की कौन्सिलच्या नर्सेस रोज हेच काम करतात आणि परदेशी कार्ड पाहून गोंधळत नाहीत. फोनवर एवढं म्हणा: 'मुलांच्या लसी भारतात झाल्या आहेत. सगळे जुने डोस एआयआरमध्ये चढवायचे आहेत आणि कॅच-अप प्लॅन हवा आहे. मोठी अपॉइंटमेंट द्या.' कागद आधी ईमेल करता येतील का तेही विचारा. नर्सेस राष्ट्रीय कॅच-अप कॅल्क्युलेटर वापरतात. त्यात जुन्या तारखा भरल्या की कुठली लस राहिली आणि कधी देता येईल ते निघतं. दहा मिनिटांत हे होणार नाही.

इंग्रजीत अडखळत असाल तर टीआयएस नॅशनल या सरकारी दुभाषी सेवेला १३१ ४५० वर फोन करून दुभाषी मागता येतो. सासू-सासरे किंवा आई-वडील मुलाला घेऊन जाणार असतील तर ही सोय विसरू नका.

पायरी ४: भारतीय कार्डात नेमकं काय कमी पडतं

हा भाग निवांत वाचा. 'सगळं झालंय तर पुन्हा का टोचताय?' या प्रश्नाचं उत्तर यात आहे. मला पहिल्यांदा राग आला होता, आपल्याकडच्या लसींवर यांचा विश्वास नाही असं वाटलं होतं. तसं अजिबात नाही. भारतात दिलेले डोस इथे मोजतात. पण दोन देशांची वेळापत्रकं वेगळ्या गरजांतून आली आहेत, त्यामुळे काही ठिकाणी सांधा जुळत नाही.

एक गोष्ट पक्की धरा: कोर्स कधीही पहिल्यापासून सुरू करावा लागत नाही. मध्ये दोन वर्षं गेली तरी दिलेला डोस वाया जात नाही, राहिलेलाच पुढे द्यायचा. कुणी 'सगळं परत' म्हणालं तर कारण विचारा.

गोवर. सरकारी कार्यक्रमात गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिन्यांना, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. भारतात तान्ह्या बाळांना गोवराचा धोका जास्त, म्हणून नवव्या महिन्यात. पण त्या वयात आईकडून आलेली प्रतिपिंडं अंगात असू शकतात आणि लस नीट लागत नाही, म्हणून ऑस्ट्रेलियात पहिला डोस १२ महिन्यांना. नवव्या महिन्यातला डोस इथे मोजत नाहीत. शिवाय सरकारी लशीत गालगुंड नसतो. इथल्या एमएमआरमध्ये (गोवर-गालगुंड-रुबेलाच्या एकत्र लसीत) तो असतो. म्हणजे कार्डावर गोवराच्या दोन ओळी भरलेल्या असूनही गालगुंडाची बाजू पूर्ण कोरी. मोठा मुलगा खासगीत एमएमआर घेतलेला होता, ९ महिने, १५ महिने आणि पाच वर्षं. त्याचा पहिला डोस बाद झाला तरी नंतरचे दोन धरले गेले आणि तो सुटला.

कावीळ बी. जन्मतःचा डोस आणि मग ६, १०, १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंटमधून (पाच रोगांवरच्या एकत्र लसीतून). वाचताना चार डोस भरपूर वाटतात. पण ऑस्ट्रेलियात शेवटचा डोस वयाच्या २४ आठवड्यांनंतरचा लागतो. १४ आठवड्यांना संपलेल्या कोर्सला एक डोस जोडावा लागतो.

हिब (लहान मुलांत मेंदूज्वर, न्यूमोनिया करणाऱ्या एका जिवाणूवरची लस). पेंटाव्हॅलंटमध्ये हिब असतो, पण सरकारी कार्यक्रमात त्याचा बूस्टर नाही. इथे तो १८ महिन्यांना देतात. मूल पाच वर्षांचं झालं असेल आणि निरोगी असेल तर आता गरज नाही.

न्यूमोकोकल (न्यूमोनिया वगैरे करणाऱ्या जिवाणूवरची लस). भारतात ६ आठवडे, १४ आठवडे आणि ९ महिने. इथला शेवटचा डोस १२ महिन्यांना, त्यामुळे लहान मुलांना एक जास्त लागतो. ही लस २०२१ मध्ये देशभर पोहोचली. त्याआधी जन्मलेल्या बऱ्याच मुलांच्या कार्डावर ही ओळच नसते. पाच वर्षांवरच्या निरोगी मुलांना हिचं कॅच-अप लागत नाही.

कांजिण्या आणि मेनिंगोकोकल एसीडब्ल्यूवाय (मेंदूज्वराच्या चार प्रकारच्या जिवाणूंवरची लस). या दोन्ही भारताच्या सरकारी कार्यक्रमात नाहीत. लहान मुलांना दोन्ही लागतात. कांजिण्या येऊन गेल्या असतील तर तसं डॉक्टरांना सांगा, खात्री पटली तर ते नैसर्गिक प्रतिकारशक्तीची नोंद करू शकतात.

पोलिओ. थेंब आणि इंजेक्शन मिळून कोर्स पूर्ण होऊ शकतो. पण एप्रिल २०१६ पासून थेंबांमध्ये पोलिओ विषाणूचा टाइप २ हा प्रकार नसतो, त्याचं संरक्षण इंजेक्शनातून येतं. म्हणून थेंबांच्या ओळी आणि इंजेक्शनच्या ओळी वेगळ्या करून द्या. पल्स पोलिओच्या रविवारी पाजलेले थेंब कार्डावर नसतात आणि ते कुणी मोजणारही नाही, ती यादी करत बसू नका.

डीपीटी (घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वात). 'दुखणारी' की 'न दुखणारी', दोन्ही इथे चालतात. मात्र दहाव्या वर्षी टीडी (धनुर्वात-घटसर्प) दिलं असेल तर त्यात डांग्या खोकला नसतो. सातवीत शाळेत मिळणारी डीटीपीए (तिन्ही रोगांवरची लस) त्यासाठी घ्यायचीच. त्याच वेळी एचपीव्हीही मिळते, फेब्रुवारी २०२३ पासून निरोगी मुलामुलींना एकच डोस पुरतो.

रोटाव्हायरस राहिली असेल तर हळहळू नका. तिला वयाची मर्यादा आहे, सहा महिन्यांनंतर कॅच-अप नसतंच. बीसीजी इथल्या नेहमीच्या वेळापत्रकात नाही, व्रण आहे का नाही यावरून कुणी अडवत नाही. टायफॉइड, कावीळ ए, जपानी मेंदूज्वर झालं असेल तर तेही चढवून घ्या, पुढे प्रवासाच्या वेळी उपयोगी पडतं.

पायरी ५: कधी काय, हे लिहून घ्या

प्लॅन तोंडी ऐकून घरी येऊ नका. तारखांसह कागदावर मागा. आमच्या धाकटीचा असा होता. ती तेव्हा तीन वर्षं दोन महिन्यांची होती:

पहिली भेट: एमएमआर, मेनिंगोकोकल एसीडब्ल्यूवाय, न्यूमोकोकल, हिब.
चार आठवड्यांनी: एमएमआरव्ही (म्हणजे एमएमआर आणि कांजिण्या एकत्र), कावीळ बी.
चौथ्या वर्षी: डीटीपीए-पोलिओ बूस्टर, इथल्या सगळ्या मुलांसारखा.

हा तिचा प्लॅन, तुमच्या मुलाचा वेगळा निघेल. पण यामागचे नियम उपयोगी पडतील. बहुतेक डोसांमध्ये किमान चार आठवड्यांचं अंतर, बूस्टरच्या आधी जास्त. एमएमआर आणि कांजिण्यांसारख्या जिवंत लसी एकतर एकाच दिवशी, नाहीतर चार आठवडे सोडून. चार वर्षांखालच्या मुलाला एमएमआरचा पहिलाच डोस एमएमआरव्हीच्या रूपात देत नाहीत, कारण त्याने तापात फिट येण्याचा धोका थोडा वाढतो. लवकर दिलेला डोस बाद होऊ शकतो, उशिरा दिलेला होत नाही. म्हणून घाईने चार दिवस आधी नेऊ नका.

क्षयाची त्वचाचाचणी व्हायची असेल तर ती एमएमआरच्या आधी किंवा त्याच दिवशी करा. एमएमआर आधी झाली तर किमान चार आठवडे थांबा, नाहीतर निकाल चुकीचा निगेटिव्ह येऊ शकतो. व्हिसासंबंधी तपासण्या चालू असणाऱ्यांनी हे नर्सला आवर्जून सांगावं.

मी पहिल्या दिवशी म्हणाले होते, 'चार सुया एकदम नको, दोन-दोन करू.' नर्सने शांतपणे समजावलं की जितके दिवस पुढे ढकलू तितके दिवस मूल असुरक्षित, आणि दवाखान्यात येऊन घाबरायचे प्रसंगही दुप्पट. एकाच अवयवात दोन सुया अडीच सेंटिमीटर अंतर ठेवून देतात. मी मान्य केलं आणि आता तोच सल्ला देते.

आधीच झालेला एखादा डोस पुराव्याअभावी पुन्हा दिला गेला तर? साधारणपणे ते धोक्याचं नाही. अपवाद धनुर्वाताचा, त्याचे डोस कमी काळात जास्त झाले तर दंड चांगलाच सुजू शकतो, म्हणून त्याचे कागद शोधायला थोडी जास्त मेहनत घ्या.

पायरी ६: टोचायच्या दिवशी

मूळ कार्ड, यादी, मेडिकेअर कार्ड बरोबर. बाह्या सहज वर होतील असे कपडे. टोचल्यावर पंधरा मिनिटं तिथेच बसवतात, ती चुकवू नका. मूल आजारी असेल तर आधी फोन करा, साध्या सर्दीसाठी पुढे ढकलत नाहीत.

एमएमआरचा ताप त्याच रात्री येत नाही, आठवड्याभराने येतो, कधी अंगावर बारीक पुरळही उठतं. आम्हाला हे माहीत होतं म्हणून आठव्या दिवशी ताप आला तेव्हा घाबरलो नाही. ताप फार वाढला किंवा मूल मलूल वाटलं तर मात्र डॉक्टरांना दाखवाच.

मुलाला किंवा घरात कुणाला प्रतिकारशक्ती कमी करणारा आजार किंवा औषधं असतील, तर जिवंत लसींच्या आधी ते सांगायलाच हवं.

पायरी ७: नोंद खरंच झाली का, डोळ्यांनी बघा

भेटीनंतर आठवड्याभराने मायगव्हमध्ये जा, मेडिकेअर उघडा, स्टेटमेंट उतरवा आणि भारतीय कार्ड शेजारी ठेवून ओळीला ओळ लावून बघा. डोस क्रमांक, तारीख, नाव. आमच्याकडे एका डोसचं साल चुकलं होतं, त्यामुळे तो जन्माआधीचा ठरून दिसतच नव्हता. फोन केल्यावर नर्सने दुरुस्त केला.

कॅच-अप चालू असेल तर नर्सला सांगून नियोजित कॅच-अपची नोंद एआयआरमध्ये करून घ्या. प्रवेशाच्या वेळी याच नोंदीवर काम होतं. व्हिक्टोरियात किंडर आणि चाइल्डकेअरसाठी नियम कडक आहेत. प्राथमिक शाळेला स्टेटमेंट द्यावंच लागतं, पण लस राहिली म्हणून शाळा प्रवेश नाकारत नाही. साथ आली तर मात्र लस न घेतलेल्या मुलाला काही दिवस घरी ठेवावं लागू शकतं.

पायरी ८: मोठ्यांचं काय

मुलांच्या धावपळीत आपण स्वतःला विसरतो. नवऱ्याकडे लहानपणाचा एकही कागद नव्हता, माझ्याकडेही दंडावरच्या बीसीजीच्या व्रणाखेरीज काही नव्हतं. जीपीने आमच्यासाठी वेगळी यादी केली.

गोवर-गालगुंड-रुबेला: १९६६ मध्ये किंवा नंतर जन्मलेल्यांकडे दोन डोसांचा पुरावा हवा, नसेल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. व्हिक्टोरियासह काही राज्यांत मोठ्यांनाही ही लस मोफत मिळते, विचारून घ्या. १९६६ आधी जन्मलेल्यांना गोवर बहुधा येऊनच गेलेला असतो, त्यांना सहसा लागत नाही.

धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकला: काहीच पुरावा नसेल तर तीन डोस, त्यातला पहिला डांग्या खोकल्यासह. पोलिओचेही तीन. कावीळ बीसाठी आधी रक्ततपासणी करा, भारतात जन्मलेल्यांना ती इथे तशीही सुचवतात, कारण लक्षणं नसताना संसर्ग असू शकतो आणि लस त्याचं निदान करत नाही. कांजिण्यांचं आठवत नसेल तर त्याचीही तपासणी होते.

मूल होऊ देण्याचा विचार असेल तर एमएमआर आणि कांजिण्यांची लस आधी घ्या आणि नंतर २८ दिवस गरोदरपण टाळा. गरोदर असताना या दोन्ही देत नाहीत, स्तनपान करताना चालतात. प्रत्येक गरोदरपणात डांग्या खोकल्याची लस साधारण २० ते ३२ आठवड्यांत देतात, आणि फेब्रुवारी २०२५ पासून आरएसव्ही या तान्ह्या बाळांना श्वसनाचा आजार करणाऱ्या विषाणूवरची लसही राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहे.

नर्सिंग, एज्ड केअर (वृद्धांची देखभाल), चाइल्डकेअरचा कोर्स करणाऱ्यांनी प्लेसमेंटच्या (कोर्समधल्या प्रत्यक्ष कामाच्या) सहा महिने आधी हे सुरू करावं. कावीळ बीच्या तीन डोसांनाच बरेच महिने जातात आणि नंतर रक्ततपासणीचा पुरावा मागतात. ऐन वेळी घाई करून अंतर कमी करता येत नाही.

पायरी ९: कार्ड हरवलं असेल तर

घरी कपाटात शोधायला सांगा, जन्म झालेल्या रुग्णालयाला, उपकेंद्राला, बालरोगतज्ज्ञांना फोन करा. एक-दोन आठवडे द्या. त्यापलीकडे वाट पाहण्यात अर्थ नाही, डोस झाले नाहीत असं धरून कॅच-अप सुरू करा. सगळ्या लसींसाठी रक्त तपासून घेऊ असं वाटतं, पण बऱ्याच लसींबाबत तपासणीतून नेमकं उत्तर मिळत नाही आणि मुलाला एक सुई जास्त बसते. गोवर, रुबेला, कांजिण्या, कावीळ बी अशा मोजक्यांसाठीच ती उपयोगी पडते.

पायरी १०: पहिल्या भारतवारीआधी

तिकीट काढल्यावर लगेच, किमान सहा ते आठ आठवडे आधी जीपीला भेटा. इथे जन्मलेलं बाळ ६ ते ११ महिन्यांचं असेल आणि भारतात न्यायचं असेल, तर गोवराचा एक जादा डोस लवकर देतात. तो वेळापत्रकात मोजत नाहीत, पुढचे दोन द्यावेच लागतात. टायफॉइड आणि कावीळ ए विचारा, पावसाळ्यात खेड्यात बरेच दिवस राहणार असाल तर जपानी मेंदूज्वरही. इथे जन्मलेल्या पाच वर्षांखालच्या मुलाला बीसीजी सुचवू शकतात, ती सगळीकडे मिळत नाही आणि तिच्या अपॉइंटमेंटला वेळ लागतो, म्हणून हा फोन सगळ्यात आधी करा. आजोळी गेल्यावर तिथल्या डॉक्टरांनी एखादी लस दिलीच, तर तारीख आणि बाटलीवरची चिकटपट्टी पुस्तिकेत लावून आणा आणि परत आल्यावर ती एआयआरमध्ये चढवून घ्या.